ऐंशीला थरथरणारी गाडी

काटेकाकांची गाडी ऐंशीला थरथरायला लागायची आणि पंच्याण्णवला तिची थरथर थांबायची. हे त्यांनी चार रविवार वहीत टिपून ठेवलं होतं, कारण वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला 'साधारण ऐंशीच्या आसपास' असं म्हणता येत नाही. साधारण म्हणणाऱ्या दुकानदारांचे तराजू त्यांनी जप्त केले होते. काटेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. तराजूच्या काट्यावरून इमारतीत कुणीतरी पाडलेलं नाव. ते त्यांना फारसं आवडत नसे. पण हाक मारणारी माणसंच कमी उरली की माणूस हाकेत खोट काढत बसत नाही.

दर रविवारी दुपारी ते गाडी काढायचे, शहराबाहेरच्या रुंद रस्त्यानं वीस किलोमीटरवरच्या वळणापर्यंत जायचे आणि परत यायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं ते वॉचमनला सांगायचे. वॉचमननं विचारलेलं नसायचं. पूर्वी शेजारच्या सीटवर काकू बसायच्या आणि "एवढी कसली घाई आहे?" असं अधूनमधून विचारायच्या. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. आता शेजारच्या सीटवर चष्म्याची डबी असते, आणि डबी काही विचारत नाही.

तर चौथ्या रविवारीही स्टेअरिंग थरथरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडीभोवती फेऱ्या मारत होते, तेव्हा तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर दात घासत घासत बाहेर आले. त्यांनी पुढच्या चाकाला चपलेनं एक लाथ मारली आणि हवा कमी असल्याचं निदान केलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅलरीतून सांगितलं की त्यांच्या भावाची गाडी अशीच थरथरायची, त्यानं ती विकली, तेव्हापासून थरथर बंद आहे. वॉचमनचं मत पडलं की गाडीला उन्हात उभी करू नये. कुणीतरी खुर्ची आणली, कुणीतरी चहा पाठवला. पाऊण तास नुसती चर्चा चालली होती. काका वर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. गाडी बिघडल्याचं इतकं सुख होणं बरं नव्हे, असं स्वतःला बजावून त्यांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला.

सर्व्हिस सेंटरला काचेचे दरवाजे होते, कॉफीचं यंत्र होतं आणि टाय लावलेला एक सल्लागार होता. तो काकांना 'सर' म्हणायचा आणि आपापसात बोलताना गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. काकांनी वही उघडून वेग, अंतर, रस्ता आणि वाऱ्याची दिशा सांगितली. सल्लागारानं जॉबकार्डावर लिहिलं, 'ग्राहकाला थरथर वाटते.'

"वाटते नाही, आहे," काका म्हणाले.

"हो सर, पण कार्डावर 'वाटते' असंच येतं. 'आहे' असा पर्यायच नाही."

चार तास काका सोफ्यावर बसले. संध्याकाळी गाडी मिळाली, ती लख्ख धुतलेली. आतून अत्तराचा वास. "बॅलन्सिंग केलंय सर, ट्रायलही घेतली, एकदम ओके." परतीच्या वाटेवर काकांनी ऐंशी गाठले आणि सुवासिक गाडी पूर्वीइतकीच थरथरली.

दुसऱ्या खेपेला मात्र स्टेअरिंगची थरथर खरोखरच थांबली. काका धन्य झाले, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की आता आपण बसल्या जागी थरथरतोय. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावल्यामुळे थरथर हातातून निघून बैठकीखाली गेली होती. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. ते तसेच मागे फिरले.

"स्टेअरिंगची तक्रार होती ना सर? ती तर गेली," सल्लागार म्हणाला. "सीटचं कार्ड वेगळं करावं लागेल."

सीटचं कार्ड वेगळं झालं. त्या कार्डावर त्यांनी चाकं पुन्हा पहिल्या जागी लावली. सीट शांत झाली, स्टेअरिंग थरथरायला लागलं, आणि दोन्ही कार्डांवर 'काम पूर्ण' असा शिक्का बसला.

इथे काकांच्यातला निरीक्षक जागा झाला. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी त्यांनी चारही चाकांच्या टोप्या काढल्या, नटांभोवती दोरा गुंडाळला आणि गाठीवर लाख वितळवून मोहर लावली. मोहर निवृत्तीच्या वेळी खात्याला परत केलेली, म्हणून कोटाच्या बटणाचा ठसा. मग टोप्या परत बसवल्या. एकतीस वर्षांत असल्या मोहरांवर त्यांनी किती तराजूवाले पकडले होते. आज कित्येक दिवसांनी हाताला काम मिळालं, म्हणून लाख जरा जास्तच वापरली गेली.

गाडी परत आली. जॉबकार्डावर ठळक लिहिलं होतं, 'चारही चाकं काढून बॅलन्सिंग केलं.' काकांनी सल्लागाराला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि एकेक टोपी काढली. चारही मोहरा जशाच्या तशा. बटणाची चार भोकंसुद्धा स्पष्ट दिसत होती. काका वाट पाहत राहिले. अशा क्षणी दुकानदार गयावया करायचे, एकदोघे तर पाया पडले होते.

सल्लागार खाली वाकून लाखेकडे बघत राहिला. "हे काय लावलंय सर चाकांना?"

"मोहर."

"मग यानंच थरथरत असेल. चाकाला बाहेरची वस्तू लावायची नसते सर." आणि त्यानं कार्डावर लिहिलं, 'ग्राहकाने चारही चाकांना परकी वस्तू लावल्याचे आढळले.' यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

काकांचा आवाज चढला. कॉफी पिणारे लोक वळून बघायला लागले, तसा सल्लागार वरमला. "असं करू सर. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. मला जाणवलं तर आत्ताच्या आत्ता चाकं उतरवतो."

काका त्याला घेऊन रुंद रस्त्याला लागले. वाटेत त्यांनी त्याला मोहरेचा इतिहास सांगितला, खोट्या वजनांच्या दोन कथा सांगितल्या, त्याच्या घरची चौकशी केली. मुलगा तसा वाईट नव्हता, ऐकून घेत होता. दूरच्या वळणापर्यंत जाऊन ते परत आले. गाडी एकदाही थरथरली नाही.

"बघा सर," तो म्हणाला, आणि कार्डावर शेवटची ओळ पडली. 'दोष आढळला नाही.'

ही ओळ काकांनी वाचायच्या आत त्यांच्या लेकीनं वाचली. ती तीनशे किलोमीटरवर राहायची. गाडी घेताना सोयीसाठी तिचा नंबर दिलेला, त्यामुळे प्रत्येक कार्डाचा संदेश तिच्याकडे जायचा. तिचा फोन एरवी चार मिनिटांचा असे. जेवलात का, गोळी घेतली का, काही हवंय का. काका सांगायचे, जेवलो, घेतली, मजेत आहे. त्या दिवशी तिनं जेवणाचं विचारलं नाही.

"बाबा, तीन वेळा बघितलं त्यांनी. गाडीत काही नाही म्हणतायत."

"ते निष्काळजी आहेत."

"बाबा, आजोबांचे हात कसे थरथरायचे, आठवतं ना?"

काकांना आठवत होतं. वडिलांच्या हातातला कप बशीवर वाजायचा, तो आवाज दोन खोल्या पलीकडे ऐकू यायचा.

"अगं, पण मध्ये सीट थरथरत होती. हातांचा काय संबंध?"

"सीट थरथरली म्हणजे तुम्हीच थरथरलात ना बाबा. मला भीती वाटते. तुम्ही एकटे त्या रस्त्यावर जाता. मी रविवारी फोन करते. तोवर कुणाला तरी ती थरथर जाणवली तर ठीक. नाही तर किल्ली मॅनेजरकाकांकडे द्या, डॉक्टरांना हात दाखवा, आणि आपण गाडी काढून टाकू."

फोन ठेवल्यावर काकांनी दोन्ही हात पुढे केले, बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं उभे राहिले. कागद हलला नाही. मग त्यांना शंका आली की पंखा बंद असल्यामुळे हलला नसेल. पंखा लावल्यावर कागद उडून गेला आणि त्यावरून काहीच सिद्ध होईना. शिवाय घरात ऐंशीच्या वेगानं कुणी बसत नाही, त्यामुळे हा पुरावा कच्चा होता. गाडी गेली तर रविवारी दुपारी काय करायचं, याचा विचार त्यांनी केला आणि लगेच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरतर्फे एका मुलीचा फोन आला. "आमच्या सेवेला एक ते दहामध्ये किती गुण द्याल सर?"

काकांनी शून्य द्यायचं ठरवलं होतं. पण शून्याला कारणं द्यायला हवीत, म्हणून त्यांनी पहिल्या रविवारपासून सुरुवात केली. मुलगी "हो का सर" म्हणाली. मग "अरेरे" म्हणाली. आणि मोहरेपाशी आल्यावर तिनं विचारलं, "मग काय झालं सर?" मग काय झालं, असं त्यांना किती महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी सगळं सांगितलं, काकूंच्या सवयीचंही सांगितलं, तक्रारीशी त्याचा काही संबंध नसताना. वीस मिनिटं झाली. शेवटी मुलगी हळू आवाजात म्हणाली, "सर, नऊच्या खाली गुण आले ना, की ती आमचीच चूक धरतात."

एकतीस वर्षांत ज्यानं कुणाला दहा ग्रॅमची सूट दिली नव्हती, त्या माणसानं दहापैकी दहा गुण दिले.

त्यामुळे काका सर्व्हिस सेंटरच्या मुख्य साहेबांकडे लेखी तक्रार घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आपण पूर्ण समाधानी आहात असं दिसतंय." तक्रार तिथेच बंद झाली. काका कॉफीसुद्धा न घेता बाहेर पडले.

आता साक्षीदार उरले ते मॅनेजर. त्यांना काकांनी शुक्रवारी गाडीत बसवलं. दोघे दूरच्या वळणापर्यंत गेले. बँकेतले दिवस, वजनमापे खात्यातले दिवस, दोघांच्या बदल्या, सगळं निघालं. गप्पा छान रंगल्या. गाडी लोण्यासारखी चालली. उतरताना मॅनेजर हसत म्हणाले, "अहो, गाडी तर उत्तम आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायचं तुमचं." ते बोलले गमतीनं, पण काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दोन माणसं बसली, दोघांनाही काही जाणवलं नाही, आणि आपण एकटे असलो की मात्र थरथरतं. याचा सरळ अर्थ एकच निघत होता. लेकीचं खरं होतं तर.

शनिवारी सकाळी ते गाडी घेऊन निघाले, ते बहुधा शेवटचं म्हणून. ऐंशीला स्टेअरिंग असं हललं की त्यांनी पुढचं काही न बघता गाडी बाजूला घेतली. समोर टायरचं एक छोटं दुकान होतं. पन्नाशीची एक बाई बाकावर बसून ट्यूबला ठिगळ लावत होती. चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं मानेमागे बांधलेल्या. तिनं मान वर करून काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"काय होतंय?"

"ताई, मला थरथर वाटते," काका म्हणाले. वाटते हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच कबूल केला.

बाईनं हात पुसले, सीटवर वर्तमानपत्र टाकलं आणि शेजारी येऊन बसली. "चला, दाखवा."

काका निघाले आणि सांगत सुटले. सल्लागार, सीटचं कार्ड, लाख, दहा गुण, लेक. बाई हुं की चूं करीत नव्हती, समोर बघत होती. दूरचं वळण आलं तेव्हा काका म्हणाले, "बघितलंत? तुम्ही बसल्यावरही नाही. म्हणजे ते माझंच आहे."

"किती वेगाला थरथरते म्हणालात?"

"ऐंशीला."

"मग जरा काट्याकडे बघा."

काकांनी बघितलं. काटा अठ्ठेचाळीसवर होता.

"निघाल्यापासून पन्नासच्या वर गेला नाहीत तुम्ही," बाई म्हणाली. "रस्ता मोकळा आहे. दोन ट्रकवाले शिव्या घालून गेले, तेही तुम्हाला ऐकू आलं नाही."

जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यांवर नजर ठेवलेल्या माणसानं स्वतःच्या गाडीचा काटा बघितला नव्हता. सल्लागार बसला होता तेव्हाही नाही, मॅनेजर बसले होते तेव्हाही नाही. वळण लवकर येऊ नये म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप वर राहत होता, आणि त्या पायानं मालकाला विचारलंसुद्धा नव्हतं.

"आता बोलू नका," बाई म्हणाली. "ऐंशीला घ्या."

साठ झाले, सत्तर झाले. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. ऐंशीला स्टेअरिंग थरथरलं. बाईनं हात लांब करून तळवा स्टेअरिंगवर ठेवला आणि म्हणाली, "तुमचा एक हात काढा." काकांनी डावा हात वर हवेत धरला. बाईच्या तळव्याखाली स्टेअरिंग थरथरत होतं आणि काकांचा हात हवेत ढिम्म होता.

"गाडीच आहे," बाई म्हणाली.

काकांना रडू आलं. एवढ्याशा गोष्टीला रडू यावं याची लाजही वाटली. बाई खिडकीबाहेर बघत राहिली आणि गाडी दुकानापाशी येईपर्यंत तिनं मान वळवली नाही.

पुढचं काम वीस मिनिटांचं होतं. तिनं डावीकडचं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवलं. लोखंडाची कड एका जागी वर-खाली होत होती, साध्या डोळ्यांना दिसेल इतकी. "रिम वाकलीय. कधीतरी खड्ड्यात आपटली असेल. हे चाक फिरवताना कुणी कडेकडे बघितलंच नाही." मग आतल्या बाजूला हात घालून म्हणाली, "आणि इथं बॅलन्सिंगचं जुनं वजन न काढता त्याच्यावर नवं वजन चिकटवलंय." वजनावर वजन. काकांना या एका गोष्टीचा राग बाकी सगळ्यापेक्षा जास्त आला. बाईनं डिकीतलं जादा चाक काढून बसवलं. ऐंशी, नव्वद, शंभर. गाडी शांत होती.

रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. मागे कढईत झारा वाजत होता, तिनं फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला असावा.

"बाबा, काय झालं? जाणवली कुणाला?"

"जाणवली. रिम वाकली होती. हात नव्हते. हात चांगले आहेत."

तिनं सुस्कारा सोडला. झारा थांबला, पुन्हा सुरू झाला. "बरं झालं बाई. पण मग त्या सर्व्हिसवाल्याला शेजारी बसून कसं कळलं नाही? आणि मॅनेजरकाकांना?"

उत्तर तयार होतं. निष्काळजीपणा, दुसरं काय. ते खोटंही नव्हतं. एवढं सांगितलं की गाडी राहत होती, रविवार राहत होता, आणि 'मजेत आहे' हा दोन वर्षं दिलेला अहवालही तसाच राहत होता. काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दहा गुण सोडले तर त्यांनी आयुष्यात अर्धवट अहवाल दिला नव्हता.

"ती थरथर ऐंशीला येते," ते म्हणाले. "आणि कुणी शेजारी बसलं ना, की मी पन्नासच्या वर जातच नाही. मला माहीत नव्हतं. त्या टायरवाल्या ताईंनी दाखवलं. रस्ता लवकर संपतो गं. मग माणूस उतरून जातं."

पलीकडे झाऱ्याचा आवाज थांबला. काकांना वाटलं, आपण उगाच बोललो, आता पोरीला काळजी.

"तसं विशेष काही नाही," ते घाईनं म्हणाले. "बाकी मजेत आहे. तुझा स्वयंपाक चालू असेल, ठेवू का?"

"ठेवू नका," ती म्हणाली. "थांबा बाबा, मी गॅस बंद करून येते."

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"हं. आता सांगा."

एकतीस वर्षं अहवाल लिहिलेल्या माणसाला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"सावकाश सांगा," ती म्हणाली. "मला घाई नाही."